नावाचं कारण विचार

ताई, नमस्कार.

मी अचलपूरची. वय 25. चार महिन्यांपूर्वी एका विमा कंपनीच्या नोकरीसाठी पुण्यात आली. नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहते. त्याआधी दोन ठिकाणी फोनवरच आडनाव विचारलं आणि "जागा भरली" म्हणून सांगितलं. इथल्या काकू पंचाहत्तरीच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी भाडं पाच तारखेच्या आत, दहाला दार बंद, नळ नीट बंद करायचा एवढं सांगितलं आणि आत गेल्या. चार महिन्यांत एकदाही "बस गं" म्हटलं नाही. आमच्याकडे दारात कोणी आलं की आधी पाणी, मग गोष्ट. वाड्याच्या दारावर पाटी आहे, "दार हळू लावावे. आत आजारी माणूस आहे." रोज ती वाचते आणि रोज कोणीतरी रागावल्यासारखं वाटते. पावणेएकला पोहे घ्यायला गेली तर दुकानदार म्हणाला, चारनंतर या. बसवर "मनपा" लिहिलेलं असते, ते कोणतं गाव हे मला महिनाभर कळलं नव्हतं. ऑफिसात मी "करून राहिली" म्हटलं की एक जण सगळ्यांसमोर तसंच म्हणून दाखवतो. आता मी बोलणंच कमी केलं. नागपूर शाखेत बदलीसाठी दसऱ्यापर्यंत अर्ज देता येतो. देऊ का? हे शहर मला कधी आपलं म्हणेल का?

– वऱ्हाडातली एक

प्रिय मुली,

तू लिहिलेलं "आली", "राहिली" मी जसंच्या तसं ठेवलंय. त्याला हात लावायचं काहीच कारण नव्हतं. बोलणं कमी केलंस ते वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुझ्या अचलपूरपासून रिद्धपूर जवळच आहे, तुझ्याच अमरावती जिल्ह्यात. 13व्या शतकात म्हाइंभटांनी तिथे बसून चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या. लीळाचरित्र ते हेच, आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात. आपल्या भाषेतलं पहिलं मोठं गद्य तुझ्या मुलखात लिहिलं गेलं. मराठी भाषेचं विद्यापीठसुद्धा आता रिद्धपूरलाच झालंय. तेव्हा मराठी कुठली खरी आणि कुठली हसण्यासारखी, हे तुला शिकवायचा अधिकार पुण्यातल्या कोणालाही नाही. तुझ्या ऑफिसातली पोरं काय बोलतात तेही जरा कान देऊन ऐक. "मी काल गेलेलो", "मी सांगितलेलं तुला" असं पुण्यात सर्रास म्हणतात. पुस्तकात "गेलो होतो", "सांगितलं होतं" असं असतं. प्रत्येक गावाची बोली असते, तशी पुण्याचीही आहे. तिच्यात गोडी आहे, पण ती मोजपट्टी नव्हे.

मी 1991 साली लातूरहून आले तेव्हा "मी जायले", "ती यायली" असं बोलत होते. मलाही हसले. मी तू केलंस तेच केलं, तोंड मिटून घेतलं. दोन वर्षांनी सुट्टीला घरी गेले तर आजी म्हणाली, "तू परक्यासारखी का बोलायलीस?" ते मला अजून बोचतं. तू हे करू नकोस. त्या सहकाऱ्याला एकदा बाजूला घे आणि शांतपणे, एकाच वाक्यात सांग, "माझ्या बोलण्याची नक्कल करतोस ते मला आवडत नाही, यापुढे करू नकोस." हसत सांगू नकोस आणि कारणंही देऊ नकोस. पुण्यात सरळ सांगितलेलं सरळ घेतात. या गावाचा हा फार मोठा गुण आहे आणि बाहेरून आलेल्यांना तो उशिरा कळतो. इथे कोणी मनात ठेवून गोड बोलावं अशी अपेक्षा नसते. जे दुकानदाराला चालतं ते तुलाही चालतं.

आडनाव विचारून जागा नाकारली, त्याबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं. या गोष्टीला पुणेरी स्वभाव म्हणू नकोस, कोणाला म्हणूही देऊ नकोस. तुटक बोलणं हा स्वभाव आहे. माणसाची जात चाचपून दार लावणं हा अन्याय आहे, तो कुठल्याही गावात अन्यायच. तो तुझ्या वाट्याला आला याची मला लाज वाटते. एका रविवारी गंज पेठेत फुलेवाड्यात जाऊन ये. आता त्या पेठेलाही महात्मा फुल्यांचंच नाव आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई तिथे राहत होते. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा याच शहरातल्या लोकांनी सावित्रीबाईंवर शेण फेकलं होतं. ज्यांनी फेकलं ते पुणेकर होते आणि ज्या थांबल्या नाहीत त्याही पुण्याच्याच. तुला पुणं आपलं म्हणायचं असेल तर यातलं कुठलं पुणं ते तू निवडू शकतेस.

आता काकूंकडे येऊ. त्या पाटीत दोन वाक्यं आहेत. तू पहिलं वाचतेस आणि तिथेच थांबतेस. दुसऱ्यात कारण दिलंय, आत आजारी माणूस आहे. जुन्या वाड्यांत बारा-पंधरा बिऱ्हाडं एका दिंडी दरवाजातून ये-जा करायची. नळ एक, बोळ एक, जिना एक. प्रत्येकाला रोज तेच सांगत बसण्यापेक्षा लिहून लावलं की वाद मिटला, असा तो हिशेब होता. ती पाटी तुझ्यासाठी लिहिलेली नाही. आत कोण आजारी होतं, किंवा अजून आहे, हे तू विचारलंयस का कधी? मला वाटतं नसशील विचारलं. चार महिने तुम्ही दोघी त्या वाक्याच्या दोन बाजूंना उभ्या आहात.

माझी पहिली घरमालकीण शनिवार पेठेत राहायची. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. चार शब्दांपुढे वाक्य जायचं नाही. "नळ बंद केलास का?" हे दिवसातून तीनदा विचारायच्या. मी केलेला असायचा, तरी त्या उठून जायच्या आणि तोटी पुन्हा पिळायच्या. मला तो अपमान वाटायचा. आठ महिने झाले होते. जुलैची 12 तारीख होती. मी कामावरून आले तर त्या जिन्याखाली भिंतीला हात लावून उभ्या होत्या. माझ्या डोक्याच्या वीतभर वर चुन्याचा रंग बदलला होता, खाली काळपट आणि वर पिवळसर. तिथे एक आडवी रेघ होती. मी त्या भिंतीला टेकून रोज चपला काढायचे आणि मला ती कधी दिसली नव्हती. मी विचारलं, "ही कसली हो?" त्या म्हणाल्या, "पाणी इथपर्यंत होतं."

मग त्या जिन्यावर बसल्या आणि बोलत राहिल्या. 1961 च्या त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दोन मुलांना घेऊन त्या वरच्या मजल्यावरून शेजारच्या गच्चीवर कशा गेल्या, लग्नातल्या शालूची ट्रंक चिखलात कुठे सापडली, ओसरल्यावर धान्याला कसा वास सुटला होता, सगळं सांगितलं. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते हे, की पूर ओसरला आणि शहरात नळाला पाणी नव्हतं. गावाला पाणी देणारं धरणच गेलेलं. वाड्यातल्या बुजलेल्या आडातून गाळ उपसून पाणी काढावं लागलं. "चहूकडे चिखल आणि प्यायला थेंब नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसानंतर तोटी पुन्हा पिळायला त्या उठल्या की मला राग आला नाही. दुसऱ्या दिवशीही त्या चारच शब्द बोलल्या. पण येणाऱ्या एकादशीला माझ्या दाराशी साबुदाण्याच्या खिचडीची वाटी ठेवलेली होती, वर ताटली झाकलेली आणि ताटलीवर लिंबाची फोड. हाक मारली नाही, निरोप नाही. पुण्यातली माया बहुधा अशीच येते. तिला "बस गं" म्हणता येत नाही.

तुझ्या काकू त्या पुराच्या वेळी दहा-बारा वर्षांच्या असतील आणि नारायण पेठेत पाणी शिरलं होतं. त्या तेव्हा तिथेच राहत असतील तर त्यांना आठवत असेल. विचार. पण संध्याकाळी दिवेलागणीनंतर विचार, सकाळच्या घाईत नको.

पुण्यात माणसाशी ओळख करून घ्यायची झाली तर त्याला त्याच्या आजूबाजूच्या गोष्टीचं कारण विचारावं, हे मला त्या जिन्याखाली कळलं आणि तेव्हापासून ते कधी फसलं नाही. पत्ता विचारलास तर तीन शब्दांत उत्तर मिळेल. त्या जागेचं नाव असं का, हे विचारलंस तर अर्धा तास जाईल आणि वर "उद्या या, अजून सांगतो" असं ऐकशील. आणि नावं तर इथे काय एकेक आहेत! बुधवारातल्या पासोड्या विठोबासमोर पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा बाजार भरायचा, म्हणून तो पासोड्या. निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या रानात सापडला असं सांगतात. सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर ऐकून तू दचकशील. देवाची प्रतिष्ठापना व्हायच्या वेळी तिथे चकमक झाली, माणसं मेली आणि नाव चिकटलं ते आजवर. भिकारदास मारुतीचा भिकेशी काही संबंध नाही, भिकारदास नावाचे एक गुजराती सराफ होते. जिलब्या मारुती आहे, डुल्या मारुती आहे, पत्र्या मारुती आहे, उपाशी विठोबा आहे. यांची कारणं मी तुला सांगत नाही. ती तू त्या त्या देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला विचारायची. दोन जणांना विचारलंस तर दोन गोष्टी मिळतील आणि ते दोघे आपसात वाद घालतील. तो वाद तुझ्यावरचा राग समजू नकोस. तू मधे उभी राहून ऐकत राहा.

पत्त्यांचं कोडंही याच वळणाचं आहे. पुण्यात जागेला एक नाव पाटीवर असतं आणि एक तोंडात. टिळक चौकाला सगळे अलका म्हणतात, तिथल्या टॉकीजवरून. छत्रपती संभाजी महाराज पूल हा लकडी पूल. पानिपतानंतर, 1761 च्या सुमाराला तो आधी लाकडाचा बांधला होता. लाकूड जाऊन किती पिढ्या झाल्या, नाव गेलं नाही. नामदार गोखले रस्ता म्हणजे एफसी रोड, फर्ग्युसन कॉलेजचा रस्ता. बसवरचं "मनपा" म्हणजे महानगरपालिकेची इमारत, शिवाजीनगरच्या बाजूला, नदीच्या पलीकडे. "न. ता. वाडी" दिसलं तर ती नरवीर तानाजी वाडी, तीही शिवाजीनगरलाच. आणि पीएमटी 2007 ला पिंपरी-चिंचवडच्या बससेवेत मिळून पीएमपीएमएल झाली तरी थांब्यावर उभा असलेला माणूस पीएमटीच म्हणेल. पावसाळ्यात "भिडे पूल गेला का?" असं ऐकलंस तर घाबरू नकोस. खडकवासल्यातून पाणी सोडलं की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. तो ठेंगणा पूल आहे आणि नदी किती आली हे मोजायची ती गावाची खूण आहे. त्या दिवसांत नदीपात्रातल्या रस्त्याने जायचं नाही, एवढं मात्र काटेकोर पाळ.

दुपारच्या दुकानाचं थोडक्यात सांगते. पेठेतली पुष्कळ दुकानं एकेका घराची. खाली दुकान, वर किंवा मागे राहणं, आणि गल्ल्यावर मालक स्वतः, सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत. तो दुपारी जेवून पाठ टेकतो. मला त्यात गैर वाटत नाही. आता बरीच दुकानं उघडी असतात, चितळ्यांनीसुद्धा 2017 पासून दुपारी सुरू ठेवलं. तुझा पोहेवाला ठेवत नसेल तर संध्याकाळी जा, आणि दर वेळी त्याच्याकडेच जा. पुणेकर बडबड्या माणसाला पटकन जवळ करत नाही, पण रोज दिसणाऱ्याला हळूहळू आपल्यात धरतो. अमृततुल्यावर रोज एकाच वेळी जाऊन उभी राहा. पितळी पातेल्यात आलं-वेलदोडा पडताना दिसला की थांब. पंधरा-वीस दिवसांनी तू काही न बोलता तुझा कप पुढे येईल, आणि एखाद दिवस गेली नाहीस तर दुसऱ्या दिवशी विचारतील, "काल कुठे?" पर्वतीचंही तेच. 103 पायऱ्या आहेत. पहाटे ठरलेल्या वेळी चढलीस तर त्याच पायरीवर तीच माणसं भेटतील. आधी मान हलेल, मग एक दिवस कोणी तरी म्हणेल, आज लवकर.

त्या अमृततुल्याच्या मालकालाही एकदा गाव विचार. जुन्या अमृततुल्यांतली बरीच घरं राजस्थानातून आलेली. कॅम्पातल्या बनमस्क्यावाल्यांचे आजे इराणातून आले. पेशवे श्रीवर्धनचे, टिळक रत्नागिरीत जन्मलेले, फुल्यांचं घराणं मूळ कटगुणचं, भीमसेन जोशी गदगचे. "तुम्ही पुण्याचे का?" हा प्रश्न इथे कोणालाही विचार. तीन पिढ्या मागे गेलीस की बहुतेकांचं गाव दुसरंच निघेल. तू चार महिन्यांपूर्वी आलीस, एवढाच फरक.

तुझं पत्र ज्येष्ठात आलं, हे फार बरं झालं. थोड्याच दिवसांत, वद्य पक्षात, ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतील. एफसी रोडने येऊन अलकावरून लक्ष्मी रोडला लागतात, म्हणजे तुझ्या घराजवळूनच जातात. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला उतरते आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दोन रात्री मुक्काम असतो. ऑफिसातून लवकर निघ, त्या दिवशी सगळेच निघतात. संध्याकाळी नाना पेठेत जा. जी दारं तुला चार महिने बंद दिसली ती त्या दोन दिवसांत सताड उघडी असतात. ओट्यावर चपला शिवून देणारे बसतात, न्हावी फुकट दाढी करतात, कोणी वारकऱ्यांचे पाय चेपत असतो, कोणी पिठल्याचं पातेलं घेऊन उभं असतं. तुझ्या तोंडून "माउली, पाणी घ्या" एवढं आलं तरी कोणी तुझी बोली तपासणार नाही. त्या गर्दीत पुष्कळ लोक मराठवाड्या-विदर्भाच्याच बोलीत बोलत असतात. काकूंना विचार, बरोबर येता का म्हणून. गुडघे दुखतात म्हणतील कदाचित. मग लक्ष्मी रोडच्या कोपऱ्यापर्यंत हात धरून ने.

पालख्या गेल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत नदीकाठाला ढोल वाजायला लागतील. पथकांचा सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो आणि नव्या मुला-मुलींना घेतात. जाऊन नाव नोंदव. ढोल कमरेला बांधायला पहिल्यांदा दोघांची मदत लागते, तीन-चार दिवस खांदे दुखतात, तळहाताला फोड येतो. रोज दोन तास त्याच मुलींच्या रांगेत उभं राहिल्यावर मैत्रीण मिळाली नाही अशी एकही मुलगी मला माहीत नाही. मिरवणुकीत बेलबाग चौकात तुझं पथक थांबेल तेव्हा तू कुठून आलीस हे विचारायला कोणाला फुरसत नसेल.

बदलीचा अर्ज आता देऊ नकोस. मुदत दसऱ्यापर्यंत आहे आणि अनंत चतुर्दशी त्याच्या आधी येते. तोवर थांब. त्यानंतरही जीव रमला नाही तर खुशाल दे. नागपूर चांगलं गाव आहे आणि आपल्या माणसांजवळ जाण्यात कमीपणा नाही. फक्त ज्याने नक्कल केली त्याच्यामुळे जाऊ नकोस.

तुझ्या नारायण पेठेतच मुंजाबाचा बोळ आहे, तुझ्या वाड्यापासून चालत पाचेक मिनिटं. त्याचं नाव कसं पडलं ते आधी काकूंना विचार, मग बोळातल्या एखाद्या जुन्या दुकानदाराला. दोघांनी काय काय सांगितलं ते मला कळव, आणि तुझ्या बोलीतच लिही.

तुझी,
ताई